दाभोशाच्या वखारीची आग

महाबळेश्वरला लोक हवा खायला जातात, नाशिकला पर्वणी साधायला. मी जव्हार संस्थानात गेलो तो एका म्हाताऱ्याचा अंगठा आणायला. हे लिहिताना लाज वाटते आणि त्याहून जास्त राग येतो. प्रवासवर्णनात डोंगर-दऱ्यांची शोभा सांगावी, अशी वाचकांची अपेक्षा असते हे मला माहीत आहे. शोभा भरपूर होती. पण जो माणूस खिशात खोटी जबानी घेऊन हिंडतो त्याला शोभा कितीशी दिसणार?

मी फोर्टातल्या एका आगीच्या विमा कंपनीत पाहणीदार होतो. जळालेल्या वखारी, गोदामं पाहायची आणि आग कशानं लागली ते लिहून द्यायचं, हे माझं काम. जव्हारचे लाकडाचे व्यापारी छगनशेट यांची दाभोशाची वखार आमच्याकडे विम्याला होती. मी गेलो त्याच्या आदल्या वैशाखात ती जळाली. आमच्या कंपनीची रीत अशी, की सोळा आणे धोका पत्करायचा आणि त्यातला चौदा आणे गुपचूप हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गळ्यात बांधायचा. याला पुनर्विमा म्हणतात. म्हणजे विमा कंपनीनं स्वतःचा उतरवलेला विमा. वखार जळाली वैशाखात आणि श्रावणात विलायतेत लढाई पेटली. हॅम्बुर्ग रातोरात शत्रूचं शहर झालं. त्यांना पैसे मागणं तर सोडाच, साधं पत्र पाठवणंही गुन्हा ठरला.

आमच्या मॅनेजरसाहेबांनी पुढच्या चैत्रात मला बोलावलं आणि म्हणाले, "हॅम्बुर्ग आपल्याला देणार नाही, तर आपण जव्हारला कुठून देणार?"

मी म्हणालो, "साहेब, छगनशेटनी कागद आपल्याशी केलाय. हॅम्बुर्गचं नावसुद्धा त्यांना ठाऊक नाही. त्यांनी दिलं नाही म्हणून आपलं देणं कसं सुटेल?"

"कायद्यानं सुटत नाही, हे मलाही कळतं," साहेब म्हणाले. "म्हणूनच दुसरं कारण हवंय." आणि त्यांनी टाइप केलेला एक कागद माझ्यापुढे सरकवला. 'माझ्या राबाची आग पसरून वखारीला लागली,' अशी ती जबानी होती आणि खाली लाडक्या नावाच्या माणसाच्या अंगठ्यासाठी जागा सोडलेली. राब म्हणजे पेरणीआधी शेतात भाजतात तो पाला, आणि शेजारच्या शेतातल्या आगीनं वखार जळाली तर भरपाई नाही, असं एक कलम आमच्या कागदात होतं. माझ्या आधी गेलेला पाहणीदार जव्हारच्या धर्मशाळेत दोन दिवस झोपून 'राबामुळे आग लागल्याचा संभव' असं लिहून परत आला होता. आता तेवढ्यावर अंगठा हवा होता.

आयुर्विम्याच्या कंपन्यांना सरकारनं दोन-तीन वर्षांपूर्वी कायद्याची वेसण घातली. आगीच्या विम्याला ती नाही. कंपनीनं तिजोरीत काय ठेवावं, धोका कुणाला विकावा, याची विचारपूस करणारं कोणी नाही. तेव्हा मी मुकाट्यानं कागद खिशात घातला. बायको, दोन मुलं, गिरगावातली खोली. कारणं सगळ्यांकडे असतात.

जव्हार

डहाणू रोडला उतरून बैलगाडीनं जव्हारला पोचेपर्यंत माझ्या हाडांचा खुळखुळा झाला होता. गाडीवान महादू जव्हारचाच. पुढचे सगळे दिवस तोच माझा वाटाड्या आणि दुभाषा. जव्हार उंच पठारावर आहे. चैत्रातही सकाळी अंगावर पांघरूण लागतं, आणि आम्ही मुंबईकर त्या वेळी उपरण्यानं वारा घेत बसलेलो असतो.

छगनशेट मला पाहून इतके खूश झाले की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांना वाटलं, मी भरपाई घेऊनच आलोय. त्यांनी श्रीखंड काय केलं, पाटाभोवती रांगोळी काय काढली! आमच्या कंपनीनं वर्षभर त्यांच्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं, आणि तिच्या नोकराला हा माणूस आग्रह करकरून वाढत होता.

जेवताना मी विचारलं, "वखार आता बंदच असेल?"

"छे हो! अर्धीअधिक भरली. दाभोशाचा पाडा भरून देतोय ना."

मला कळेना. शेटजींनी सांगितलं ते असं: वखारीत साठ गाड्या लाकूड जळालं. आगीनंतर आठ दिवसांनी पाड्यातला वडीलधारा लाडक्या त्यांच्याकडे आला आणि म्हणाला, आम्ही भरून देतो. शेटजींच्या ठेक्याच्या जंगलातून झाडं तोडायची, ओढून वखारीत आणायची, एका पैची मजुरी घ्यायची नाही. अडतीस गाड्या आल्या होत्या. बावीस राहिल्या होत्या.

"लाकडाची किंमत माझी गेलीच, ती कंपनीनं द्यायची," शेटजी म्हणाले, "पण मजुरी त्यांनी अंगावर घेतली. त्यांची तशी चालच आहे."

"आणि तुम्ही घेता?"

शेटजी श्रीखंडाकडे बघत म्हणाले, "नको म्हटलं तर त्यांना राग येतो."

राग येतो म्हणे! नको म्हणायला जीभ जड झाली होती, दुसरं काही नाही. पण मी काय बोलणार? माझ्या खिशातला कागद त्यांच्या जिभेपेक्षा जड होता.

साखरशेतवरून दाभोसा

दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. साखरशेतला एका घरी थांबलो. घरधनीण आम्हाला ओळखत नव्हती, तरी तिनं न विचारता पेज पुढे ठेवली. नागलीची पेज, बरोबर भाजलेला सुका बोंबील. नागली म्हणजे आपली नाचणी. आपल्याकडे ती आजाऱ्याला देतात, इथं तिच्यावर माणसं डोंगर चढतात. मी पैसे काढले तर बाई महादूकडे बघून हसली आणि आत गेली.

सगळ्या उतारांवर राब रचलेले दिसत होते. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. भाताचं आणि नागलीचं बी जिथं पेरायचं, त्या तुकड्यावर झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण यांचे थर रचतात, वर माती टाकतात आणि पावसाच्या आधी पेटवतात. जमीन भाजून निघते, तण मरतं, राखेत रोप जोमानं येतं. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर वर्षभर चूल नाही. हॅम्बुर्गच्या ज्या महाशयांनी आमच्या कागदात ते कलम घालायला लावलं त्यांना या डोंगरातली प्रत्येक चूल विम्याच्या आड येणार हे ठाऊक नसेल. आमच्या साहेबांना ठाऊक होतं.

दाभोशाच्या अलीकडे उतारावर मी शहाणपणा केला. पायवाट सोडून सावलीनं जाऊ लागलो. महादू ओरडेपर्यंत वेलीवरच्या मखमली शेंगा माझ्या मानेला आणि हातांना घासून गेल्या होत्या. खाजकुयली! पुढचा अर्धा तास मी माणसात नव्हतो. पाड्यात शिरलो तो कोट काढून, अंग ओरबाडत. अंगणात एक बाई शेण कालवत होती. तिनं मला एकदा न्याहाळलं आणि शेणाची पाटी पुढे केली.

"चोळा सायेब. सुकला का झटकून टाका."

ती लाडक्याची सून, बुधी. अशा रीतीनं मुंबईच्या विमा कंपनीचा प्रतिनिधी अंगाला शेण फासून जबानी घ्यायला बसला. मला वाटतं त्या दिवशी माझा पोशाख कामाला शोभेसाच होता.

लाडक्या बैल घेऊन जंगलात गेला होता. तो येईपर्यंत मी जळालेली वखार पाहून आलो. पाड्यापासून ती हाकेच्या अंतरावर आहे. आवाराच्या मधोमध ऐनाचं मोठं झाड उभं होतं, शेंड्यापासून बुंध्यापर्यंत चिरलेलं. एका बाजूची साल पट्टीसारखी सोलून निघालेली आणि चीर आतून काळी. बारा वर्षं मी हे काम केलं आहे. त्या झाडावर वीज पडली होती आणि आग त्याच्या बुंध्याशी रचलेल्या लाकडांपासून सुरू झाली होती, हे आंधळ्यालाही कळलं असतं. विजेनं लागलेल्या आगीची भरपाई आमच्या कागदात स्पष्ट लिहिलेली. लाडक्याचा राब तर ओढ्यापलीकडे, वाऱ्याच्या उलट दिशेला. आधीचा पाहणीदार धर्मशाळेतून पाच-सहा कोस पुढे आला असता तर वर्षभरापूर्वीच सगळं मिटलं असतं. माझ्या अंगाची खाज थांबली होती, पण डोक्यात कढ उठला.

लाडक्या

लाडक्या दुपार कलल्यावर आला. साठीचा, वाळक्या अंगाचा, खांद्यावर कोयता. त्याच्या मागून दोन बैल आणि त्यांनी ओढलेला सागाचा ओंडका. मी सवयीनं 'अरे लाडक्या' म्हणून सुरुवात केली.

"अरे लाडक्या, वखारीला आग कशानं लागली?"

"ईज पडली ना ऐनावर."

"तू पाहिलीस?"

"नाय. मी मोखाड्याला गेलेला, लोहाराकडं. पाड्यानं देखली. बुधीनं देखली."

"मग तू लाकडं का भरतोस?"

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी विचारलं होतं की जेवल्यावर हात का धुतोस.

"पावसाच्या अगोदरची आग ना ती? मंग माझी."

बाकीचं महादूनं उलगडून सांगितलं. या पाड्यात पहिला राब वडीलधाऱ्यानं पेटवायचा. पेटवताना तो धरतरीला, म्हणजे धरणीमातेला, सांगतो, की आता पाऊस पडेपर्यंत इथं जी आग होईल ती माझी. मग कुणाच्या चुलीची ठिणगी उडो, कुणाची विडी पडो, वीज पडो. कुणाची चूक हे कोणी विचारत नाही. नुकसान तो भरून देतो आणि पाडा त्याच्यामागे उभा राहतो.

"आणि पाड्याला नाही झेपलं तर?" मी विचारलं.

"मंग नदीवरचा पाडा येतो," लाडक्या म्हणाला. "पण अगोदर आमी. ते मागून."

आमच्या ऑफिसात हॅम्बुर्गशी केलेला करार आहे, छापील, सोनेरी शिक्क्याचा. त्यात हे एवढंसं वाक्य कुठेही नाही. मला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. आमच्या गिरगावात आग लागली तर शेजारी आधी आपली खिडकी लावून घेतो!

तरी मी कागद काढला. खोटं कशाला बोलू, काढला. मी तो वाचला आणि महादूनं अर्थ सांगितला. मला वाटलं, म्हातारा भडकेल. त्यानं अंगठा पुढे केला.

"कुठं लावायचा?"

"अहो, नीट ऐका," मी म्हणालो. 'अरे'चं 'अहो' कधी झालं मला कळलं नाही. "यात लिहिलंय की तुमच्या राबानं वखार जळाली. हे खोटं आहे. उद्या याच कागदावर तुम्हाला तुरुंगात घालतील. शेटना एक दमडी मिळणार नाही."

"पण आग माझी हाय."

"आग विजेची आहे!"

"ईज का आता भरून देईल?" लाडक्या शांतपणे म्हणाला. "मी नाय म्हटला तं आग बेवारशी होईल. बेवारशी आग ठेवून राब कसा भाजायचा? अख्खा पाडा अडंल."

हाच पेच होता. नाही म्हणायचं तर पाड्याचा राब अडतो, हो म्हणायचं तर म्हातारा अडकतो. आणि तसाही राब अडलेलाच होता. बुधी पुढे होऊन म्हणाली, "बैल लाकडाला, माणसं लाकडाला. आमचा राब अर्धाच रचलाय सायेब. गेल्या साली रोप कमी झाला, दिवाळीनंतर कंद खाल्ले. बावीस गाड्या ओढायच्या का राब भाजायचा?"

मी लाडक्याला कंपनीची गोष्ट सांगितली. परदेशातली दुसरी कंपनी, तिच्याशी लागलेली लढाई, ती देत नाही म्हणून आम्ही देत नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"शेटशी बोली कोणी केली? त्यांनी का तुमी?"

"आम्ही."

"मंग?"

त्या 'मंग'ला मुंबईच्या कुठल्या बॅरिस्टरनं उत्तर द्यावं. मी जबानीचे चार तुकडे केले. कोऱ्या कागदावर जे खरं तेच लिहिलं: वीज ऐनावर पडली, पाड्यानं पाहिली, लाडक्या त्या दिवशी मोखाड्यात होता, आणि पाड्याच्या रिवाजानं तो प्रत्येक आगीचं ओझं उचलतो, गुन्हा म्हणून नव्हे. शेवटचं वाक्य महादूनं तीनदा समजावलं तेव्हा लाडक्यानं अंगठा दिला.

मग मी जे बोललो ते बोलायचा मला काडीचा अधिकार नव्हता. "कंपनी शेटना सगळं भरून देईल," मी म्हणालो. "त्यातून ते उरलेल्या गाड्यांना मजूर लावतील. तुम्ही आता लाकूड ओढू नका. राब भाजा."

"तुमचा शब्द?"

"माझा शब्द."

लाडक्यानं बैलांच्या मानेवरचं जू उतरवलं. बुधी लगेच फांद्या आणायला निघाली, हातातली भाकर तशीच ठेवून.

मोखाडा

संस्थानाची हद्द ओलांडून मोखाड्याला गेलो. मोखाडा इंग्रजी मुलुखात. माणसं तीच, डोंगर तोच, कायदा मात्र दुसरा. बाजारात लोहार सापडला. त्याला तो दिवस पक्का आठवत होता, कारण गडगडाट सुरू झाला तेव्हा लाडक्याचा कोयता त्याच्या भट्टीत होता.

"मी बोललो, थांब म्हाताऱ्या, पाऊस येतो. तं बोलला, ईज दाभोशाकडं पडली, माना जावा लागंल. कोयता तसाच ऊनऊन घेऊन पळाला," लोहार म्हणाला. "पैसं नंतर आणून दिलं."

त्याचीही सही घेतली. परत जव्हारला येऊन संस्थानाच्या कचेरीत दोन्ही कागदांवर शिक्का मारून घेतला. तिथल्या अंमलदारांनी कागद काळजीपूर्वक वाचले, मला गूळपाणी दिलं आणि म्हणाले, "कागद चोख आहेत. आता तुमचे साहेब तसे आहेत का ते बघा." छगनशेटनाही बावीस गाड्यांच्या मजुरीचं बजावून सांगितलं. या वेळी त्यांनी खाली मान घालून हो म्हटलं. येताना वाटेवर ठिकठिकाणी धूर दिसत होता. राब पेटले होते. मी इतका आनंदात होतो की गाडीत महादूला नाट्यपदं म्हणून दाखवली.

मुंबई

साहेबांनी अहवाल वाचला. "उत्तम काम," ते म्हणाले, आणि खण उघडून कागद आत टाकले.

"मग पैसे कधी पाठवायचे?"

"लढाई संपली की. हॅम्बुर्गचा हिशेब झाला, की आपला."

"साहेब, वीज पडली हे सिद्ध झालंय. संस्थानाचा शिक्का आहे."

"जव्हारच्या शिक्क्याला मुंबईत कोण विचारतो?"

"पण जव्हारचा अंगठा चालला असता!" मी ओरडलो. सगळं ऑफिस माना वर करून बघायला लागलं. मी मग जे बोललो त्यातलं पुष्कळ इथं लिहिण्याजोगं नाही. हप्ता घेताना तुम्हाला हॅम्बुर्ग आठवलं नाही, हे मी नक्की म्हणालो. धोका विकून मधली दलाली खायची, आणि विकत घेणारा बुडाला की हात झटकायचे, याला विमा म्हणत नाहीत, चोरी म्हणतात, हेही म्हणालो. संध्याकाळी मी बेकार होतो. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं झालं. तो कागद घरी आणलात तेव्हापासून तुमच्याकडे बघवत नव्हतं."

छगनशेटनी मुंबईत दावा लावला आहे. मी त्यांचा साक्षीदार. कंपनीचे वकील तारखेमागून तारीख घेतात आणि प्रत्येक तारखेला न्यायाधीशांना सांगतात, की शत्रूशी व्यवहार करता येत नाही म्हणून अशीलाचा नाइलाज आहे. जणू छगनशेटच शत्रू! लढाई चालूच आहे. कंपनीही चालू आहे, आणि धोका आता म्हणे दुसऱ्या कुठल्या देशातल्या कंपनीला विकते.

मी दाभोशाला परत गेलो नाही. तोंड कुठलं घेऊन जाणार? शब्द देऊन आलो होतो. निदान त्या वर्षी त्यांचा राब भाजला गेला, एवढंच समाधान होतं.

परवा छगनशेटचं पत्र आलं. दाव्याबद्दल लिहून झाल्यावर खाली त्यांनी लिहिलं होतं: "कंपनी देत नाही हे पाड्याला कळल्यावर दिवाळीनंतर गाड्या पुन्हा सुरू झाल्या. मी मजुरी पुढे केली, लाडक्यानं घेतली नाही. परवा वखार पुरी झाली. बावीस राहिल्या होत्या, पण तेवीस आल्या. लाडक्या स्वतः शेवटच्या गाडीबरोबर होता. मी म्हटलं, मोजण्यात चूक झाली, ही एक जास्त आहे. तर म्हणाला, चूक नाही. त्या सायेबानं माझ्या अंगणात शब्द दिला, तो पडला. माझ्या अंगणातला म्हणजे माझाच. ही गाडी त्या शब्दाची."